फाइफ सरोवर ते खडकवासला : पुणे परिसरातील जलाशय, नौकाविहार आणि गोड्या पाण्यातील मासेमारी

प्रस्तावना

पुण्याच्या पाण्याचा इतिहास आजवर प्रामुख्याने तीन अंगांनी लिहिला गेला आहे. पेशवेकालीन कात्रजचा जलमार्ग व शहरातील हौद, ब्रिटिश अमदानीतील खडकवासल्याचे धरण व त्याचे कालवे, आणि १२ जुलै १९६१ रोजीचा पानशेतचा पूर, हे त्या इतिहासाचे ठळक टप्पे होत. पाणी कोणी अडविले, कोणाला दिले आणि कोणाला बुडविले याची चर्चा या लेखनात सविस्तर आढळते. त्याच पाण्यात राहणारा मासा आणि त्या माशावर पोट भरणारा माणूस यांच्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. आज सुट्टीच्या दिवशी खडकवासला, पानशेत, मुळशी किंवा पवना जलाशयाच्या काठी हजारो पुणेकर जमतात. काही होडीत बसतात, काही काठावर भाजलेले कणीस खातात. त्याच जलाशयात आदल्या सायंकाळी जाळी लागलेली असतात आणि पहाटे ती उचललेलीही असतात. एकाच पाण्याच्या या दोन उपयोगांची गाठ क्वचितच पडते. प्रस्तुत लेखात या दोन उपयोगांचा, आणि त्यांच्या मध्ये सापडलेल्या एका माशाचा, मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

नौकाविहार ही पुण्याला ब्रिटिशांनी दिलेली देणगी आहे असा समज रूढ आहे, तो अर्धाच खरा आहे. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळे करविले, त्यात बेट राखले आणि त्या बेटावर पुढे तळ्यातल्या गणपतीची स्थापना झाली. या तळ्यात पेशवे व त्यांचे मुत्सद्दी होडीत बसून खलबते करीत आणि गुप्तता राहावी म्हणून मराठी न जाणणारे हबशी वल्हवायला ठेवीत, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिकेला पुराव्याचे वजन देता येत नाही. परंतु तळे, होडी आणि सत्ता यांचा संबंध पुणेकरांच्या स्मृतीत किती जुना आहे हे तिच्यावरून दिसते. आज ते तळे नाही. त्या जागी सारसबाग आहे.

मासेमारीचा मागोवा याहून अवघड आहे. बारा बलुतेदारांच्या यादीत कोळी येतो, पण तो पाणी भरणारा कोळी होय. भोई हा नदीत मासे धरणारा आणि पालखी वाहणारा समाज. त्याचे नाव अलुतेदारांच्या काही याद्यांत, बहुधा शेवटी शेवटी, येते. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरनेही भोयांची हीच दोन कामे नोंदविली आहेत. पालखीचे काम रस्ते आणि रेल्वे आल्यावर संपले. नदी उरली.

साइक्सची यादी आणि भोयांची भाषा

पुणे परिसरातील माशांची पहिली शास्त्रीय यादी करण्याचे श्रेय कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांच्याकडे जाते. मराठी राज्याच्या अखेरच्या युद्धानंतर दख्खनचा मुलूख कंपनीच्या ताब्यात आला आणि त्या मुलखाची मोजदाद करण्यासाठी १८२४ साली साइक्स यांची सांख्यिकी वृत्तांतकार म्हणून नेमणूक झाली. पिके, लोकसंख्या, हवामान, पक्षी, प्राणी अशा सर्व विषयांवर त्यांनी माहिती जमविली. त्यांचा दख्खनच्या माशांवरील निबंध लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात १८३९ साली संक्षेपाने व १८४१ साली सचित्र, सविस्तर रूपात प्रसिद्ध झाला. चाळीसहून अधिक जातींचे वर्णन त्यात आहे आणि त्यांपैकी बहुतेक जाती पाश्चात्त्य शास्त्राला तोवर अज्ञात होत्या.

या निबंधाचे ऐतिहासिक महत्त्व केवळ प्राणिशास्त्रापुरते नाही. साइक्स यांनी नव्या जातींना लॅटिन नावे देताना वंशाचे नाव युरोपीय परंपरेतून घेतले, परंतु जातिवाचक नाव अनेकदा स्थानिक लोकांच्या तोंडून जसे ऐकले तसेच ठेवले. खुद्री, कोळस, मुसळ्या, बोगट, फुलंगी, मळ्या, शिंगाळा, ताकरी, गोंगवारी, अळकुटी ही सारी दख्खनच्या काठावरची नावे रोमन लिपीत, इंग्रजी कानांना ऐकू आली तशा वळणाने, जगाच्या शास्त्रीय नामावलीत कायमची दाखल झाली. ज्याला साइक्स यांनी 'नुक्ता' म्हटले तो मासा पाहिला की मूळ शब्द कोणता असावा हे सांगण्यास कोशाची गरज पडत नाही. त्याच्या नाकाडावर खोल खाच असते. लोकांनी त्याला नकटा म्हटले असणार, आणि लंडनला पोहोचेपर्यंत त्याचा नुक्ता झाला.

ही नावे कोणी सांगितली? मासे कोणी धरून आणले? कोणता मासा कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, कोणत्या आमिषाला लागतो हे ज्ञान ज्यांच्यापाशी होते त्यांची व्यक्तिनामे या निबंधात आली नाहीत. साइक्स यांनी काही जातींना मात्र यारेल, ऑगिल्बी, व्हिगॉर्स, ओवेन, चिल्ड्रेन अशा इंग्रज शास्त्रज्ञांची नावे दिली. अर्थात हा त्या काळाचा रिवाज होता आणि त्याबद्दल एकट्या साइक्स यांना दोष देणे इतिहासाला धरून होणार नाही. उलट इतर अनेक निसर्गनिरीक्षकांच्या मानाने त्यांनी लोकभाषेला अधिक मान दिला असेच म्हणावे लागेल. पुण्याच्या नदीकाठी मासे धरणाऱ्या समाजाचा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शब्दसंग्रह आज मराठीत कोठे एकत्र मिळत नाही; तो लॅटिन द्विनामांच्या दुसऱ्या पदांत विखुरलेला मिळतो. हे साधन इतिहासकारांनी अजून पुरते वापरलेले नाही.

या यादीतील 'खुद्री' हा मासा येथे विशेष महत्त्वाचा आहे. खडस, खडशी, महासीर आणि देवस्थानांच्या डोहांत देवमासा अशा नावांनी तो ओळखला जातो. मोठे, जाड खवले, सोनेरी झाक आणि प्रवाहाविरुद्ध झेपावण्याची ताकद ही त्याची लक्षणे. या जातीचा मूळ नमुना साइक्स यांनी पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीतून घेतल्याची नोंद आहे. नदीचे नाव त्यांनी 'मोटा मोला' असे लिहिले. म्हणजेच दख्खनच्या महासीराचे शास्त्रीय जन्मगाव पुणे होय. टॉर खुद्री हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव आहे.

फाइफ सरोवर

पुणे शहर व लष्कराची छावणी यांना पाणी देणे आणि पूर्वेकडील अवर्षणग्रस्त भागाला कालव्याने सिंचन पुरविणे या दुहेरी हेतूने मुठा नदीवर खडकवासला येथे दगडी धरण बांधण्यात आले. रॉयल इंजिनिअर्सचे फाइफ हे या योजनेचे प्रवर्तक होत. म्हणून धरणामागील जलाशयास 'लेक फाइफ' असे नाव पडले. १८६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले काम १८७९ साली पूर्ण झाले. पुढे १९०३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे सर्वप्रथम याच धरणावर बसविण्यात आले आणि मूळ भिंत न वाढविता पाण्याची पातळी वाढविता आली. स्थापत्यशास्त्राच्या इतिहासात या दरवाजांचा उल्लेख नेहमी होतो.

माशाच्या दृष्टीने धरण म्हणजे काय, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नद्यांतील बहुतेक मासे पावसाळ्याच्या आरंभी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, ओढे-नाले वाहू लागले, की मासे उथळ, स्वच्छ, खळाळत्या पाण्याकडे धाव घेतात व तेथे अंडी घालतात. मावळात यांना चढणीचे मासे म्हणतात. रात्री दिवट्या किंवा कंदील घेऊन ओढ्यात उतरणे, बांधाच्या तोंडाशी बांबूचे सापळे लावणे, हातानेच मासे धरणे, हा गावोगावचा वार्षिक सोहळाच होता आणि कित्येक गावांत आजही आहे. शेतकरी, कातकरी, ठाकर, भोई असे सारेच त्यात असत. महासीरही असाच चढणारा मासा आहे. उन्हाळ्यात तो खोल डोहात राहतो आणि पावसाळ्यात वर सरकतो. नदीच्या मधोमध उंच दगडी भिंत उभी राहिली की खालचा मासा वर जाऊ शकत नाही आणि भिंतीखालच्या पात्रात पावसाळ्याखेरीज पुरेसे पाणीही राहत नाही, कारण ते कालव्याने गेलेले असते. मुठेच्या बाबतीत हे इतर पुष्कळ नद्यांच्या आधी, १८७९ मध्येच घडले.

भिंतीच्या वर मात्र नवेच पाणी निर्माण झाले होते. नदीतील डोह, खडक आणि रांजणखळगे ज्यांना पाठ होते त्यांचे ज्ञान या विस्तीर्ण, स्थिर पाण्यात अपुरे पडू लागले. गुडघाभर पाण्यात उभे राहून फेकायच्या जाळ्याचा येथे काठालाच उपयोग. मध्यभागी जायचे तर तराफा किंवा होडी हवी, लांब जाळे हवे, म्हणजेच भांडवल हवे. शिवाय हे पाणी सरकारी होते. नदीवर गावाचा आणि वहिवाटीचा हक्क सांगता येत असे. तलावावर पाटबंधारे खात्याचा हक्क होता.

गळ, जाळे आणि कायदा

ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या करमणुकीत गळाने मासे धरण्याचे स्थान मोठे होते आणि त्यात महासीर हा मानाचा मासा. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांचा 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला व शौकिनांत तो प्रमाण मानला गेला. त्याच वर्षी फ्रान्सिस डे यांचा भारत व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मत्स्यव्यवसायावरील अहवाल प्रसिद्ध झाला. बारीक आसाची जाळी, चढणीच्या वाटा अडविणारे सापळे आणि पाण्यात विष कालविणे यांमुळे माशांचा नाश होत आहे, ही या लेखनामागील प्रमुख चिंता होती. १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा याच विचारांतून आला. स्फोटके अथवा विष वापरून मासे मारणे या कायद्याने गुन्हा ठरले.

या कायद्याचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. गेळफळ किंवा रामेठ्याची साल ठेचून आटलेल्या डोहात कालविण्याची रीत सह्याद्रीत जुनी आहे. तिचा परिणाम त्या डोहापुरता आणि त्या दिवसापुरता असे. सुरुंगाच्या दारूचे तसे नव्हते. ती घाटरस्ते, रेल्वे आणि धरणे यांच्या कामांवर सहज उपलब्ध झाली आणि एका स्फोटात डोहातील लहानमोठे सारे मासे नष्ट करू लागली. कायद्याने दोघांना एकाच तागडीत तोलले. चढणीच्या वाटेवरील बांबूचा सापळा अधिकाऱ्यांच्या नजरेत खुपत होता, त्याच वाटेवरील शंभर फुटी भिंत मात्र कोणाला खुपली नाही. तरीही स्फोटकांवरील बंदी आवश्यकच होती, हे मान्य केले पाहिजे.

धर्मश्रद्धेने मिळालेले संरक्षण याहून जुने आणि काही ठिकाणी अधिक परिणामकारक ठरले. इंद्रायणीच्या काठी देहू, महाडजवळील वाळणकोंड, वैतरणेवरील तिळसे अशा ठिकाणी देवाच्या डोहातील मासे मारायचे नाहीत असा संकेत आहे. अशा डोहांत महासीर टिकून राहिला. त्याच नदीत मैलभर खाली तो दिसेल याची शाश्वती नसे. अर्थात डोह राखता येतो, डोहात येणारे पाणी राखता येत नाही, हे इंद्रायणीच्या प्रदूषणाने पुढे दाखवून दिले.

होडी

पुण्यातील संघटित नौकानयन हे नदीवर सुरू झाले. बंडगार्डनजवळील बंधाऱ्यामुळे मुळा-मुठेत वर्षभर पाणी तुंबून राही आणि या पाण्यावर युरोपीय रहिवाशांनी बोट क्लब काढला. रॉयल कॅनॉट बोट क्लब आपली स्थापना १८६८ सालची सांगतो. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी संगमाजवळ वल्ही हाती घेतली. त्यांचा १९२८ पासूनचा 'रेगाटा' हा पुण्याच्या सांस्कृतिक जीवनाचा भाग झाला. एक लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, साइक्स यांनी महासीराचा नमुना घेतला तो पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेचा भाग, आणि पहिल्या बोट क्लबाचे पाणीही मुळा-मुठेचेच.

खडकवासल्याच्या तलावाला वेगळे वळण मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात. समुद्रमार्गे शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याचे प्रशिक्षण देण्यासाठी तलावाच्या उत्तर काठी केंद्र उभारण्यात आले आणि तेथील जमिनीवरील नकली जहाजाला 'एचएमएस अँगोस्तुरा' असे नाव देण्यात आले. समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्याच्या अलीकडे, आरमारी सराव चालावा हे आज नवलाचे वाटते. याच परिसरात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसविण्यात आली व जानेवारी १९५५ मध्ये प्रबोधिनी डेहराडूनहून येथे आली. प्रबोधिनीचे छात्र तलावाच्या 'पीकॉक बे' या भागात शिडाच्या व वल्ह्याच्या होड्या चालविण्याचे शिक्षण घेतात. त्यामुळे काठाचा मोठा पट्टा संरक्षण खात्याकडे गेला. शहराच्या पिण्याचे पाणी आणि लष्करी क्षेत्र या दोन कारणांनी खडकवासला इतर जलाशयांच्या मानाने बेसुमार जलक्रीडेपासून बचावला.

करमणुकीच्या होड्यांची गर्दी झाली ती वरच्या बाजूला. पानशेत, वरसगाव, मुळशी आणि पवना येथे १९९० नंतर रिसॉर्ट, जलक्रीडा केंद्रे आणि अलीकडे तंबूंच्या वसाहती आल्या. वरसगाव जलाशयाच्या परिसरातील लवासा प्रकल्पाने तर तलावाकाठचे शहर हीच आपली ओळख करून दिली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये तेथील काम थांबविण्याची नोटीस दिली आणि प्रकल्प अर्धवट राहिला. यंत्राच्या होडीचे पाते सायंकाळी लावलेल्या जाळ्यावरून गेले तर नायलॉनचे जाळे फाटते आणि पात्यातही गुंतते. म्हणून जेथे दोन्ही चालतात तेथे घड्याळच मध्यस्थी करते. जाळी सूर्यास्तास लागतात, सूर्योदयाला उचलली जातात आणि दिवसाचे पाणी पर्यटकांचे होते. होडीच्या तिकिटाचा दर आणि मासळीचा दर यांची तुलना केली तर दिवसाचे पाणी रात्रीच्या पाण्यापेक्षा कितीतरी महाग आहे.

१९६१ नंतर: नवे पाणी, नवे मासे

१२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने दुपारी खडकवासल्याची भिंत फोडली आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. या आपत्तीवर विपुल लेखन झाले आहे, त्याची पुनरुक्ती येथे नको. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने इतकेच नोंदवायचे की, ब्याऐंशी वर्षे भरलेला फाइफ तलाव त्या दिवशी रिकामा झाला आणि पुन्हा भरला तो वेगळ्या व्यवस्थेचा भाग म्हणून. पानशेत पुन्हा बांधले गेले; त्यानंतर मोसी नदीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर झाले. पानशेतची उपयुक्त साठवण १०.६५ अब्ज घनफूट, वरसगावची १२.८२, टेमघरची ३.७१ आणि खडकवासल्याची अवघी १.९७. वरची तीन धरणे साठवतात आणि खडकवासला वाटतो. कालव्याचे आवर्तन सुटले की पातळी उतरते, वरून पाणी आले की चढते. काठाच्या उथळ पाण्यात अंडी घालणाऱ्या माशाला अशी अस्थिर पातळी सोसत नाही.

याच सुमारास माशांच्या बाबतीतही क्रांतिकारक बदल झाला. कटला, रोहू व मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातील मोठे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि मत्स्यबीज केंद्रात तयार करणे शक्य झाले. त्यानंतर महाराष्ट्रातील जलाशयांत कटला-रोहूची बोटुकली सोडण्याचा कार्यक्रम राबविण्यात आला. सायप्रिनसही आला. तिलापिया तर १९५२ सालीच देशात आणला गेला होता. भीमेच्या खोऱ्यात त्याला चिलापी हे नाव मिळाले आणि उजनी जलाशयात तो इतका माजला की भिगवणच्या बाजारात आज चिलापीचेच राज्य आहे. उजनी १९८० साली पूर्ण झाले आणि पुणे-पिंपरी चिंचवडचे सांडपाणी अखेरीस तेथेच जाते. ज्या पाण्यात खडस, कोळस, नकटा तग धरू शकत नाहीत त्या पाण्यात चिलापी सुखाने वाढतो.

जलाशयातील मासेमारीचा हक्क शासनाचा मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असते. सहकाराची ही चौकट निःसंशय उपकारक ठरली. तिच्याशिवाय भोई व कातकरी मच्छीमार व्यापाऱ्याचा मजूर झाला असता. परंतु तिच्यात एक मूलभूत बदल दडलेला आहे. नदीतला मासा निसर्गाने दिलेला होता, तलावातला मासा बीजाच्या रूपाने विकत घेऊन सोडावा लागतो. ठेका, बीज, जाळी आणि बर्फ या चारही गोष्टींसाठी आधी पैसा लागतो. ज्याच्याकडे तो नाही त्याने थर्माकोलचा तराफा किंवा ट्रकची हवा भरलेली ट्यूब घेऊन पाण्यात उतरायचे, असा शिरस्ता अनेक जलाशयांवर पडला. पर्यटकाला होडीत बसविण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट घातले जाते. ट्यूबवर बसलेल्या मच्छीमाराच्या अंगावर ते अभावानेच दिसते.

पुण्याच्या माशांच्या याद्या पुढेही होत राहिल्या. फ्रेझर यांनी १९४२ साली, सूटर यांनी १९४४ साली आणि तोनापी व मुळेरकर यांनी १९६३ साली पुण्याच्या माशांची नोंद केली. २००० नंतर पुण्यातील तरुण प्राणिशास्त्रज्ञांनी ती नव्याने तपासली. साइक्सपासून आजवरच्या या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर शहराच्या वाढीचा तो एक समांतर दस्तऐवजच ठरतो. शहरातील मुळा-मुठेतून जुन्या जाती क्रमाने नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी गप्पी, गंबुसिया, चिलापी येतात.

मुळशी, लोणावळा आणि खुद्रीचे पुनरागमन

मुळशी धरणाचा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. निळा व मुळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण बांधण्यास घेतले आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे नेते. लढा १९२४ पर्यंत चालला, अखेर हरला आणि खोरे बुडाले. लोणावळ्याजवळील वळवण व शिरवटा हे त्याच कंपनीचे आधीचे तलाव होत. या तलावांचे पाणी पूर्वेकडे भीमेत न जाता पश्चिमेकडे बोगद्यांतून कोकणात उतरते व वीज निर्माण करते.

याच कंपनीच्या तलावांवर महासीराला जीवदान मिळाले. महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली टाटा वीज कंपन्यांनी १९७०-७१ पासून लोणावळ्यास महासीराचे बीज तयार करण्याचे काम हाती घेतले. कुलकर्णी हे मूळचे क्षेत्रीय अभ्यासक. १९५२ साली त्यांनी कोल्हापूरकडील एका माशाला शास्त्रीय नाव दिले तेव्हा दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाण्याच्या त्याच्या सवयीवरून 'खवलचोर' हा मराठी शब्दच जातिनाम म्हणून ठेवला. साइक्सची परंपरा येथे एका मराठी माणसाने, अर्थ जाणून, पुढे चालविली. लोणावळ्याची पद्धत साधी होती. पावसाळ्यात तलावातून पक्व माद्या धरायच्या, हलक्या हाताने पोट दाबून अंडी काढायची, नराचे वीर्य त्यांत मिसळायचे आणि वाहत्या पाण्याच्या पाट्यांत अंडी उबवायची. महासीराची अंडी पिवळसर सोनेरी, जड व तळाशी बसणारी असतात. ती ओल्या कापसात गुंडाळून दूर पाठविता येतात हे कुलकर्णी आणि शशांक ओगले यांनी दाखवून दिले. लक्षावधी पिल्ले पुढील दशकांत देशातील निरनिराळ्या राज्यांत गेली.

एका खोऱ्यातील लोकांना विस्थापित करणाऱ्या तलावांनी त्याच खोऱ्यातील माशाला वाचविले, हे सत्य दोन्ही बाजूंना गैरसोयीचे आहे. मुळशीच्या विस्थापितांवर झालेला अन्याय महासीराच्या पिल्लांनी भरून निघत नाही, आणि तो अन्याय झाला म्हणून लोणावळ्याचे कार्य कमी मोलाचेही ठरत नाही.

या कथेचा पुढचा भाग कर्नाटकात घडला. लोणावळ्याची पिल्ले कावेरीतही सोडण्यात आली. तेथे गळाच्या शौकिनांत जगप्रसिद्ध असलेला कुबडाचा महासीर आधीपासून होता; तो वेगळ्या जातीचा आहे याकडे त्या वेळी कोणाचे लक्ष गेले नाही. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातून आलेला निळ्या परांचा खुद्री कावेरीत झपाट्याने वाढला आणि कुबडाचा महासीर विरळ होत गेला. २०१८ साली संशोधकांनी तो टॉर रेमादेवी या जातीचा असल्याचे निश्चित केले आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. खुद्रीचा दर्जा २०११ च्या मूल्यमापनात 'संकटग्रस्त' होता. तो त्याच सुमारास बदलून 'अल्प चिंतेचा' करण्यात आला. परमुलखात इतका फोफावलेला हा मासा ज्या मुळा-मुठेतून साइक्स यांनी प्रथम उचलला, त्या पात्रातून आज शहराचे सांडपाणी आणि जलपर्णी वाहते, आणि बंधाऱ्याच्या वरच्या पाण्यात बोट क्लबच्या होड्या बांधून ठेवलेल्या असतात.